बारा नंबरचा उसना बूट

मित्रांनो, मी उजव्या पायाचा एक जुना बूट आहे. नंबर बारा. माझ्या टोकाचं चामडं आता भेगाळलं आहे आणि नाडीची दोन छिद्रं फाटली आहेत. माझा डावा भाऊ माझ्या शेजारीच असतो. तो फारसा बोलत नाही. सांगण्यासारखं जे घडलं ते माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं, त्याला तो तरी काय करणार!

आम्हा दोघांना थॉर्नबेक नावाच्या कोळशाच्या खाणींच्या गावात म्हाताऱ्या अ‍ॅक्रॉइडनं शिवलं. एवढ्या मापाचे बूट दुकानात मिळत नसत. अ‍ॅक्रॉइडच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागला होता, म्हणून माझं टोक एका अंगाला किंचित तिरकं बसलं. माझ्या टोकानं मारलेला चेंडू थोडा डावीकडे ओढायचा. म्हाताऱ्याला ते कळलं तेव्हा तो ओशाळला.

"आण इकडे, उसवून पुन्हा शिवतो."

"राहू दे हो," माझा मालक म्हणाला. "मी जरा उजवीकडे बघून मारीन."

असा होता माझा मालक, एनॉक ब्रेथवेट. दिवसभर खाणीत कोळसा फोडायचा आणि शनिवारी थॉर्नबेकच्या रग्बी संघाचं कप्तानपद सांभाळायचा. सामना संपला की हाताची नखं काळी असतानाच आमचा चिखल काढून आम्हाला चरबी चोळायचा. आठ वर्षं त्यानं हे काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. त्याची बायको हिल्डा म्हणायची, "एवढं कधी माझे पाय चेपलेस का रे?"

आठव्या वर्षी आमचा संघ कपाच्या अंतिम सामन्याला पोचला. थॉर्नबेकच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर जायला गावातून सहा खास रेल्वेगाड्या सुटल्या. प्रार्थनामंदिरातलं एक लग्न पुढे ढकललं गेलं, कारण नवरा, नवरी आणि पाद्री असे तिघेही गाडीत बसले होते. समोर मॉसक्लफचा संघ होता, डोंगरापलीकडचा, लँकशायरचा. त्या लोकांशी आमच्या गावाचं दोनच गोष्टींवर एकमत होतं: चहा कडक हवा, आणि लंडनवाल्यांना रग्बी कळत नाही.

मैदानावर उतरण्याआधी एनॉकनं आमच्या नाड्या तीनदा सोडून पुन्हा बांधल्या. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पूर्वार्धात त्यानं माझ्या टोकानं तीन वेळा चेंडू खांबांमधून पार केला, दर वेळी दोन गुण. आमच्या एका गड्यानं रेषेपलीकडे चेंडू टेकवून तीन गुण आणले. आमचे नऊ गुण झाले आणि मॉसक्लफचे आठ.

मग उत्तरार्धात तीन आडदांड गडी एकदम एनॉकवर कोसळले. खांद्याचं हाड कडकन मोडलं. तो आवाज मी जमिनीपाशी ऐकला. त्या काळी जखमी गड्याच्या जागी दुसरा उतरवत नसत. एनॉक हात गळ्यात बांधून बाकावर येऊन बसला आणि आमचे बाराच गडी तेराजणांना थोपवू लागले. डॉक्टर त्याला इस्पितळात चल म्हणत होता. एनॉक म्हणत होता, "आलोच, एवढी पाच मिनिटं."

त्या पाच मिनिटांतली दोन उरली असताना पंचानं मॉसक्लफला दंडाची किक दिली. चेंडू खांबांमधून गेला तर दोन गुण, म्हणजे कप त्यांचा. किक मारणार होता वॉल्टर हॅलिवेल. हा कापडगिरणीत कामाला होता, उंच, अबोल, लाल कानांचा. पण झटापटीत त्याच्या उजव्या बुटाचा तळ उसवून कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबत होता. त्यांच्या माणसानं पेटीतून दुसरा बूट धावत आणला. तो नऊ नंबरचा निघाला. वॉल्टरची टाचसुद्धा आत जाईना. इतक्या लांबून मारू शकेल असा त्यांच्यात दुसरा कुणी नव्हता.

पंच घड्याळ बघत म्हणाला, "असा मारतोस की अनवाणी मारतोस?"

हे सगळं आमच्या बाकापासून दहा पावलांवर चाललं होतं. एनॉकनं वॉल्टरच्या पायाकडे पाहिलं. मग तो वाकला आणि मोकळ्या हातानं माझी नाडी सोडू लागला.

आमचे प्रशिक्षक सग्डन ओरडले, "ब्रेथवेट! काय करतोयस?"

"माझाही बाराच नंबर आहे, साहेब."

"डोकं फिरलंय तुझं? त्यांचा बूट फाटला, त्याला आपण काय करणार? नशीब त्यांचं!"

"साहेब, कप हवाय मलाही. तुमच्यापेक्षा जास्त हवाय. पण अनवाणी माणसाला हरवलं असं आयुष्यभर ऐकायचं नाही मला."

सग्डननी हातातली टोपी जमिनीवर आपटली. एनॉकनं मला पुढे धरलं. वॉल्टरनं फाटका बूट काढून टाकला. मला घेताना त्याचे कान अधिकच लाल झाले.

"डावीकडे ओढतो तो," एनॉक हळूच म्हणाला. "उजव्या खांबाकडे बघून मार."

मित्रांनो, आठ वर्षांत पहिल्यांदाच परका पाय माझ्यात शिरला. वॉल्टरनं टाचेनं गवतात खळगा केला, चेंडू उभा केला, पाच पावलं मागे गेला. वाकडं जावं असं मला वाटलं का? वाटलं. गॅलरीत हिल्डा होती, म्हातारा अ‍ॅक्रॉइड होता, अख्खं थॉर्नबेक होतं. पण बुटाच्या हाती तेवढं नसतं, आणि ते नसतं याचा मी आज आभारी आहे. वॉल्टरनं उजव्या खांबाकडे बघितलं आणि मारलं. चेंडू खांबाच्या दिशेनं निघाला, हवेत डावीकडे वळला आणि बरोबर मधून पार झाला.

दहा विरुद्ध नऊ.

"चांगला मारला," एनॉक म्हणाला. मग तो एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत डॉक्टरबरोबर गेला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा तो मैदानावर नव्हता. वॉल्टर कप बाजूला ठेवून त्याला शोधत आला, पण बाक रिकामा होता. अशा रीतीनं मी मॉसक्लफला गेलो.

तिथं माझी वरात निघाली! उघड्या बसच्या टपावर लोक मला कपाच्या शेजारी धरून नाचवत होते. त्यांच्या क्लबचे अध्यक्ष म्हणाले, "या बुटानं कप जिंकून दिला. याला काचेच्या कपाटात ठेवू." वॉल्टर म्हणाला, "कप तुमचा. बूट ब्रेथवेटचा." अध्यक्ष म्हणाले, मग टपालानं पाठवून दे, वर आभाराचं पत्र टाक. वॉल्टरनं नकारार्थी मान हलवली. बोलणं त्याला जड जायचं, म्हणून कारण त्यानं सांगितलं नाही.

इकडे थॉर्नबेकमध्ये एनॉकचे दिवस कसे चालले होते, ते मला डाव्यानं नंतर सांगितलं. खाणीत कुणी त्याच्याशी बोलेना. खाणकामगारांच्या क्लबात तो शिरला की डॉमिनो खेळणारे माना खाली घालत. सेथ अर्नशॉ नावाचा जुना खाणकामगार तर त्याला बघून म्हणायचा, "काय कप्तान, आज काय वाटायला काढलंय? पँट?" खाटकाकडे युद्धकाळापासूनचं मांसाचं रेशन उठून वर्षही झालं नव्हतं. तो हिल्डाला म्हणाला, "दोन तुकडे मॉसक्लफलाही पाठवू का बाई? तुमच्याकडची पद्धत आहे म्हणे."

हिल्डा म्हणाली, "पाठवा की. तिथल्या खऱ्या वजनकाट्यावर तोलून तरी घेतील." आणि घरी येऊन दार लावून ती रडली.

एनॉकचा खांदा नीट जुळला नाही. पुन्हा खेळता येणार नाही असं डॉक्टरनं सांगितलं. त्या रात्री त्यानं डाव्याला हातात घेतलं, चरबीचा डबा उघडला आणि न वापरताच परत ठेवला.

सामन्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी वॉल्टर मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून निघाला. दोन बस आणि एक गाडी बदलून तो थॉर्नबेकला उतरला. एनॉकचं घर त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो खाणकामगारांच्या क्लबात शिरला. आत चाळीस-पन्नास माणसं होती. त्याला बघताच सगळ्यांच्या माना वळल्या.

"ब्रेथवेट कुठं राहतात?" त्यानं विचारलं.

"का?" सेथ अर्नशॉ म्हणाला. "दुसरा बूट न्यायला आलास?"

दोघं-तिघं हसले. वॉल्टरनं डबा उघडून मला टेबलावर ठेवलं. त्यानं माझा चिखल काढला होता, नवी नाडी घातली होती.

"परत करायला आलोय," तो म्हणाला. मग एकेक शब्द जुळवत बोलला. "त्या दिवशी मी अनवाणी मारला असता. चुकला असता. जन्मभर लोकांनी म्हटलं असतं, बूट नव्हता बिचाऱ्याकडे. आणि तुमच्या कपालाही तेच चिकटलं असतं. नुसता बूट दिला असता तरी माझा चुकलाच असता. हा डावीकडे ओढतो. त्यांनी मला ते सांगितलं."

हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉमिनो खेळणारे दोघं खुर्च्या मागे सारून उभे राहिले. मला वाटलं, आता वॉल्टरची धडगत नाही.

सेथनं ग्लास खाली ठेवला.

"सांगितलं त्यानं? ओढतो म्हणून?"

"हो."

"मला या एनॉकनं एकदा शर्यतीचं कबुतर विकलं होतं," सेथ म्हणाला. "पैसे घ्यायच्या आधी म्हणतो, सेथ, हे वाटेत रेंगाळतं बरं का. मला वाटलं, बाबा विनयानं बोलतोय." त्यानं खिडकीबाहेर आभाळाकडे पाहिलं. "अजून आलेलं नाही ते!"

आधी एकजण फसकन हसला, मग अख्खी खोली. सेथ मात्र हसला नाही. त्याचे डोळे भरले होते. तो उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि वॉल्टरला म्हणाला, "चल. मी दाखवतो घर. मलाही तिथं थोडं बोलायचंय."

दार हिल्डानं उघडलं. दारात वॉल्टर, त्याच्या मागे सेथ आणि त्याच्या मागे अर्धा क्लब. तिनं मला पाहिलं. मग सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं.

"पाय पुसून या," ती म्हणाली. "आणि मांस चारच माणसांपुरतं आहे. बाकीच्यांना भाजलेलं पिठाचं पुडिंग आणि रस्सा."

एनॉक चुलीपाशी बसला होता. वॉल्टरनं मला त्याच्या हातात दिलं. सेथ म्हणाला, "एनॉक, मी गाढव आहे."

एनॉक म्हणाला, "बस आधी. रस्सा निवतोय."

मित्रांनो, थॉर्नबेकला तो कप पुढेही कधी मिळाला नाही. पण दर वर्षी अंतिम सामन्याच्या आदल्या रविवारी वॉल्टर डोंगर ओलांडून यायचा. चुलीपाशी बसून दोघं आम्हाला चरबी चोळायचे: एनॉक डाव्याला, वॉल्टर मला. दोघंही फारसं बोलत नसत. एकतीस वर्षं हे चाललं. नंतर एका वसंतात वॉल्टर आला तेव्हा एनॉकची खुर्ची रिकामी होती. हिल्डानं चहा ठेवला आणि ती बाहेर निघून गेली. वॉल्टरनं डबा उघडला. माझं काम झाल्यावर त्यानं डाव्याला मांडीवर घेतलं.

मला शिवणाऱ्या अधू डोळ्यांचा, मला उसना देणाऱ्या हाताचा आणि मला परत आणणाऱ्या पायांचा मी ऋणी आहे. तुमच्याकडे कुणाची उसनी आणलेली वस्तू पडून असेल तर तिला आज पुसा, तिची फाटकी नाडी बदला आणि ती स्वतः घेऊन जा. टपालानं पाठवू नका. त्या दाराशी उभं राहायला धीर लागतो, हे मला माहीत आहे. तरीही जा.

एनॉकची खुर्ची रिकामी होती त्या दिवशी डाव्याला पहिल्यांदाच वॉल्टरचा हात लागला. तो फारसा बोलत नाही, पण त्या रात्री म्हणाला, "हातही बारा नंबरचाच आहे रे याचा."