एकोणीस तारखेचं कुलूप

“ज्या मंगळवारी मशीन रिकामं असेल आणि माझं कुलूप मात्र इथंच दिसेल, त्या मंगळवारी वर येऊन माझं दार वाजव,” असं गुनवोर एकदा इल्वाला म्हणाली होती. इल्वा हसली. “तू आम्हा सगळ्यांना पुरून उरशील,” म्हणाली आणि बाळाचे मोजे टोपलीत कोंबत राहिली.

मित्रांनो, हे बोलणं माझ्यासमोर झालं. मी एक जुना फळा आहे. दूर उत्तरेकडच्या थंड देशातल्या उमेओ गावी, एका चारमजली इमारतीच्या तळघरात, सगळ्या घरांच्या सामायिक धुलाईखोलीच्या दाराशेजारी मी असतो. पन्नास वर्षांपूर्वी एका सुताराने मला बर्च झाडाच्या लाकडातून घडवलं. माझ्या अंगावर एकतीस ओळी आहेत, महिन्याच्या प्रत्येक तारखेची एक. आणि प्रत्येक ओळीत दिवसाच्या चार पाळ्यांची चार भोकं. प्रत्येक घराचं आपल्या क्रमांकाचं छोटं पितळी कुलूप असतं. ज्या तारखेला कपडे धुवायचे त्या भोकात ते अडकवायचं, किल्ली खिशात टाकायची, की ती पाळी तुमची. कपडे धुऊन झाले की कुलूप तिथून काढून पुढच्या तारखेला लावायचं. मात्र पाळी सुरू होऊन अर्धा तास झाला आणि तुम्ही आला नाहीत, तर जो येईल त्याने खुशाल मशीन लावावं. विचारायची गरज नाही. हा नियम माझ्या कपाळावरच रंगवलेला आहे.

माझ्यामुळे जिन्यात भांडणं होत नाहीत, असं पूर्वी लोक कौतुकाने सांगत. हल्ली माझ्याकडे कोणी धड बघतही नाही. नव्या वर्षात पाळ्या मोबाइलवर घ्यायच्या आणि मला उतरवायचं, असं ठरलं आहे.

गुनवोर माझ्या बरोबर वरच्या घरात एकटी राहते. वय ब्याऐंशी. मंगळवारी सकाळी सातची पाळी तिची. धुऊन झालं की ती कुलूप सात ओळी पुढे सरकवते. गेली कित्येक वर्षं मंगळवारी दुपारी पुढच्या मंगळवारचं भोक कधी रिकामं राहिलं नव्हतं.

इल्वा दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचा नवरा तोर्केल आठवड्याआड उत्तरेच्या खाणीत कामाला असतो. त्यामुळे दर रविवारी ती आठवड्याच्या कामांचा चौकोन आखलेला कागद घेऊन खाली यायची आणि माझ्याशी ताडून बघायची. ऑफिस निळ्या रंगात, बाळाचं पाळणाघर पिवळ्या, पोहणं हिरव्या. ‘स्वतःसाठी’ म्हणून गुलाबी अर्धा तास. एकही चौकोन रिकामा नसायचा. तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा स्टेन तिला चिडवायचा, की हे आगगाडीचं वेळापत्रक आहे, एक डबा घसरला की सगळी गाडी आडवी.

नोव्हेंबरात, वर्षाच्या सत्तेचाळिसाव्या आठवड्यात डबा घसरला. पाळणाघरातून उलट्यांची साथ घरी आली. मंगळवारी, एकोणीस तारखेला, सकाळी साडेसातला इल्वा घाण झालेल्या चादरींचा ढीग आणि कडेवर रडतं बाळ घेऊन खाली आली. तिची पाळी गुरुवारची होती. पण धुलाईखोलीत अंधार होता. गुनवोरचं कुलूप एकोणीसमध्ये होतं आणि गुनवोर नव्हती. इल्वाने घड्याळ पाहिलं. अर्धा तास होऊन दोन मिनिटं झाली होती. तिचा चेहरा उजळला. तिने मशीन लावलं.

मशीन फिरू लागल्यावर आवाज आला. टक, टक, टक. गरम पाण्याचा पाइप माझ्या शेजारून वर गुनवोरच्या नहाणीघरात जातो. आवाज त्यातून येत होता. मित्रांनो, मला तो ओळखता आला. मशीनचा आवाज असा थांबून थांबून येत नाही. इल्वानेही वर पाहिलं. मग ती लाजेने लाल झाली. बाळाला छातीशी घट्ट धरून पुटपुटली, “गप रे राजा, वरचे वैतागलेत.” आणि बाळाला घेऊन ती घाईने निघून गेली.

संध्याकाळपर्यंत आवाज येत राहिला. मग विरळ झाला.

बुधवारी कुलूप तिथेच. स्टेनने ते पाहिलं आणि इल्वाला म्हणाला, की गुनवोर बहिणीकडे गेली असेल. इल्वालाही तसंच वाटलं. उगाच कोणाच्या दाराशी कशाला जायचं? उलट तिने माझ्या खिळ्यावर एक चिठ्ठी अडकवली: ‘यायचं नसेल तर कुलूप काढून ठेवावं. इतरांचाही आठवडा असतो.’ खाली एक हसरा चेहरा काढला.

गुरुवारी आपले कपडे धुऊन झाल्यावर तिने नवा बेत आखला. मंगळवार तिला सोयीचा वाटला. कुलूप घेऊन तिचा हात सव्वीसच्या भोकापर्यंत गेला आणि थांबला. सकाळी सातचं भोक रिकामं होतं. तिने एकोणीसकडे पाहिलं, मग शेजारच्या पाइपकडे. कुलूप हातातून खाली पडलं.

ती बाळासकट जिना चढली. मला इथून फक्त ऐकू येत होतं. बेल. पुन्हा बेल. दाराच्या टपालाच्या फटीची झडप वाजली. मग इल्वाचा आवाज, चिरकलेला: “स्टेन, वर्तमानपत्रं पडलीत दाराशी. तीन दिवसांची. फोन कर.”

गुनवोर नहाणीघरात पडली होती. मांडीचं हाड मोडलेलं. लोंबणाऱ्या शॉवरच्या नळीतून तोंडात पाणी घेऊन ती जिवंत राहिली होती. स्ट्रेचर जिन्यात आलं तेव्हा इल्वा रडत होती, मी तुझ्याच पाळीत कपडे धुतले, असं सांगत होती. गुनवोरचा आवाज इतका बारीक होता की मला तो जेमतेम ऐकू आला.

“कळलं मला,” ती म्हणाली. “मशीन ऐकत होते. वाटलं, खाली कोणीतरी आहे.”

ती अजून परतलेली नाही. परतेल का, हे कोणी माझ्यासमोर बोलत नाही. तिचं कुलूप एकोणीसमध्येच आहे. इल्वा त्याला कोणाला हात लावू देत नाही. तिच्या आठवड्याच्या कागदावर आता रोज एक चौकोन बिनरंगाचा असतो. त्या वेळात ती जिन्यातून वरखाली करते.

मित्रांनो, माझ्या जागी मोबाइल येईल. अर्धा तास झाला की तो तुमची पाळी आपोआप पुसून टाकेल आणि दुसऱ्याला देईल. कुलूप कुठे अडकून राहिलंय, हे कोणालाच दिसणार नाही. मला तोवर दिसतं. पण मला पाय नाहीत.

इल्वा चार दिवस आईकडे गेली आहे. जाताना तिने जुनी चिठ्ठी फाडली आणि त्याच खिळ्यावर नवी लावली. आज शुक्रवार, तेरा तारीख. स्टेनची पाळी काल सकाळी होती आणि त्याचं कुलूप अजून बाराच्या ओळीत आहे. खाली येऊन हे वाचणारे तुम्हीच पहिले आहात. तिने लिहिलं आहे:

‘स्टेनचं कुलूप गुरुवारी दुपारनंतरही बारामध्येच दिसलं, तर मशीन लावू नका. आधी तिसऱ्या मजल्यावर जा आणि त्याची बेल वाजवा. तो चिडेल. तरी वाजवा.’