न झालेल्या रस्त्याची दुरुस्ती

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. खडी दाबून रस्ता सपाट करणे हे माझे काम. आता मला पाहिलेत तर कदाचित ओळखणार नाही. माझा पिवळा रंग केव्हाच उडाला आणि पुढच्या लोखंडी चाकाभोवती गवत वाढले आहे. वजन आठ टन, वेग माणसाच्या चालीएवढा. घाई मला कधीच जमली नाही, आणि आता तर हलणेही जमत नाही.

पंचायतीने मला कारखान्यातून आणले, त्या दिवशी सगळे गाव कचेरीसमोर जमले होते. सरपंच माझ्या चाकावर हात ठेवून म्हणाले, यापुढे गावात चिखल शोधूनही सापडणार नाही. टाळ्या पडल्या. मग मी बाजाराचा रस्ता केला, शाळेचा केला, दवाखान्याचा केला. कौतुक व्हायचे ते रस्त्याचे आणि सरपंचांचे. माझे ड्रायव्हर मात्र रोज संध्याकाळी माझे चाक पुसायचे, ग्रीस भरायचे आणि विचारायचे, "दमलास ना रे?" सगळे त्यांना तात्या म्हणत. त्या एका प्रश्नावर मी वीस वर्षे काढली.

तात्यांची थोरली बहीण आक्का टेकडीमागच्या वस्तीवर दिलेली होती. गावापासून अंतर तीन किलोमीटर, पण वाट सगळी दगडधोंड्यांची. आक्काचे गुडघे गेले आणि तिचे माहेर तुटले. पाच वर्षे तिने गावात पाऊल टाकले नव्हते. तात्या दर आठवड्याला पायी जाऊन तिला भेटायचे आणि सांगायचे, रस्ता झाला की तुला गाडीत बसवून घरी नेतो.

एका वर्षी खरोखरच तो रस्ता पंचायतीच्या अर्थसंकल्पात आला. वाटेच्या तोंडाशी खडीचे ढीग पडले, डांबराची पिंपे आली. आणि नेमका मी बिघडलो. माझ्या दुरुस्तीचा खर्च अर्थसंकल्पात दरवर्षी मांडला जाई आणि दरवर्षी सर्वांत आधी तोच कापला जाई, मग दुसरे काय होणार? सुटा भाग मिळेपर्यंत आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवसापर्यंत काम झाले नाही, तर निधी परत आणि सामानही परत, असा नियम. आमचा कारकून भला माणूस, पण भित्रा. पुढच्या महिन्यात उरकू, अशा विचाराने त्याने वहीत लिहून टाकले, 'काम पूर्ण'.

पुढच्या महिन्यात कचेरीत नवा इंजिनियर आला. त्याने वही पाहिली. रस्ता झालेला आहे, म्हणजे ही खडी उरलेली असणार, असे समजून त्याने ती कचेरीसमोरच्या चांगल्या रस्त्यावर पसरायला लावली. ती दाबली मीच. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. वर आणखी एक नियम होता: झालेल्या रस्त्याला तीन वर्षे पैसा मिळत नाही.

कारकून माझ्या शेडमध्ये आला आणि खाली मान घालून त्याने सगळे तात्यांना सांगितले. तात्यांनी आवाज चढवला नाही.

"मग आक्काला काय सांगू? रस्ता झालाय, फक्त तुला दिसत नाही?"

"तीन वर्षं थांबा, तात्या," कारकून म्हणाला. "मग दुरुस्तीत बसवतो."

तात्यांनी तक्रार केली नाही. तक्रारीने कारकुनाची नोकरी गेली असती, पण रस्ता काही आला नसता. त्या तीन वर्षांत मी कचेरीसमोर आणखी दोनदा फिरलो. आधीच सपाट असलेल्या रस्त्यावरून फिरताना जो शीण येतो, तो मला खडीवर कधीच आला नव्हता.

मग दुरुस्तीचा अर्ज गेला आणि वरचे मोठे साहेब पाहणीला आले. त्यांनी हातातला कागद पाहिला, समोरचे धोंडे पाहिले आणि विचारले, "रस्ता कुठाय?"

कारकुनाने घाम पुसला. "साहेब, फारच खराब झालाय."

साहेब वाटेवर उतरले. चार पावले पुढे गेले, त्यांना सणसणीत ठेच लागली आणि त्यांनी सही केली. हे मला तात्यांनी शेडमध्ये येऊन सांगितले. सांगताना ते हसले, तीन वर्षांत पहिल्यांदा.

दुरुस्तीचा पैसा नव्या रस्त्याच्या पैशाच्या एक तृतीयांश. म्हणून रस्ता एका गाडीपुरता अरुंद, आणि थरही पातळ. माझे तेल गळत होते, इंजिन खोकत होते. तात्या दर तासाला पाणी ओतायचे आणि म्हणायचे, एवढा एक कर बाबा. अकरा दिवस मी तो रस्ता दाबला. शेवटच्या दिवशी आक्काच्या फाटकापर्यंत पोचलो, आणि तिथे माझे इंजिन जे बंद पडले ते कायमचेच.

आक्का बाहेर आली. तिने आधी काठी टेकवली, मग पाऊल ठेवले.

"ठेच लागत नाही रे इथं," ती म्हणाली.

तात्यांनी तोंड माझ्याकडे वळवले आणि स्वच्छ असलेले चाक उगाच पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि आक्का माहेरी गेली. आठ दिवस राहिली.

मी इथेच राहिलो. मला परत न्यायचा खर्च कोणत्याच खात्यात बसत नाही. कचेरीच्या वहीत मी अजूनही शेडमध्ये आहे, 'चालू स्थितीत'. तात्या आता निवृत्त झाले. कधीतरी येतात, फडका फिरवतात, पण दमलास का असे विचारत नाहीत. आता तेही दमले आहेत.

रस्त्याकडेचे गटार कोणी उपसत नाही. पाणी रस्त्यावर येते आणि डांबराची कड खाते. मागच्या महिन्यात अगदी माझ्या चाकासमोर एक खड्डा पडला, वाटीएवढा. सकाळी आक्का बाहेर येते, मूठभर खडी त्यात टाकते आणि काठीच्या टोकाने ठोकून ठोकून बसवते. आठ टनांचा मी बाजूला उभा राहून बघत असतो.

मित्रांनो, खड्डा वाटीएवढा असतो तेव्हाच भरा, आणि यंत्र कुरकुरण्याआधी त्याला तेल द्या. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणाच्या हाती ती वही येईलच. तेव्हा 'काम पूर्ण' लिहिण्याआधी त्या वाटेने एकदा चालून या. जमले तर आक्काला बरोबर घ्या.