मीठ-मोहरी आणि पिवळा जीव

ओट्सचे चार दाणे. हडसन नदीखालून जाणारी रेल्वे. चिमूटभर मीठ-मोहरी.

जर्सी सिटीत कला शिकणाऱ्या वल्लरीने काचेच्या बशीत बुरशीसारखा पिवळा जीव वाढवला होता. स्टेशनांच्या जागी ठेवलेल्या दाण्यांकडे सरकत तो रेल्वेचा नकाशा काढत होता. प्रदर्शनाच्या सकाळी नकाशा वेडावाकडा झालेला दिसला.

“आई, यात काय टाकलंस?”

“टाकलं नाही गं, काल दृष्ट काढली. एवढे लोक बघणार त्याला! दोन-चार खडे पडले असतील.”

“अगं, तो मिठापासून पळतो!”

“मग छान पळालाय की.”

वल्लरीने वाकून पाहिलं. प्रत्येक खड्याला पिवळ्या रेषेने सुरेख वळसा घातला होता. तिला हसू आलं. तिने बशी तशीच प्रदर्शनात मांडली आणि कलाकारांत आईचंही नाव लिहिलं.

अमेरिकेत आल्या दिवशीच आई ती बशी बुरसटलेली समजून घासायला निघाली होती.