वस्तादाची विहीर

"'तिसऱ्या होलवरून चौथ्याकडे चालत जाताना माणूस म्हातारा होतो,'" आखणीवाल्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "खाली सही नाही. कोणाची ही?"

दातांच्या डॉक्टरांनी हात वर केला आणि हशा पिकला.

शनिवारची दुपार होती आणि क्लबच्या मोठ्या खोलीत बसायला जागा नव्हती. गोल्फच्या मैदानाला पन्नास वर्षं होणार म्हणून ते नव्याने आखून घ्यायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी बोलावलेल्या या बाईंची तऱ्हा अशी की आधी खेळणाऱ्यांना विचारायचं, काय आवडतं, काय डोक्यात जातं, आणि मगच पेन्सिल हातात घ्यायची. त्रेसष्ट जणांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. गोल्फ खेळणाऱ्याला मत विचारलं की तो तहानभूक विसरतो. कोणाला मैदान लांब वाटत होतं, कोणाला आखूड. कडेच्या उंच गवतात चेंडू हरवतात, ते कापा, असं अकरा जणांचं म्हणणं होतं. दोघांनी मात्र गवत आणखी वाढू द्या, त्याशिवाय शिस्त लागत नाही, असं लिहिलं होतं. ते दोघे कोण हे सांगायला नको होतं, कारण चेंडू सरळ जाणारे क्लबात दोघेच.

सहावा होल मात्र सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. आखूड, मधे ओढा. धाडस केलं तर एका फटक्यात पलीकडे, नाहीतर चेंडू पाण्यात, पण दोष आपलाच.

"खेळणाऱ्याला संकट आवडतं," बाई म्हणाल्या. "फक्त ते आधी दिसायला हवं. आता चौदावा. एक्केचाळीस चिठ्ठ्या."

खोलीभर सुस्कारे ऐकू आले.

दाराशी टोपी हातात घेऊन मुकादम उभा होता. मैदानावरच्या नऊ माळ्यांचा तो प्रमुख. त्याला खुर्ची दिली होती, पण तो बसला नव्हता. चौदाव्याचं नाव निघताच त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

चौदाव्याची तक्रार साधी होती. पहिला फटका जिथून मारतात त्या टीसमोर एक उंचवटा आहे. चांगला, सणसणीत मारलेला चेंडू त्याच्यावरून जातो आणि पलीकडे वाळूच्या खोल खड्ड्यात पडतो. हा बंकर टीवरून दिसतच नाही. वाईट मारणारे अलीकडेच राहतात आणि वाचतात. म्हणजे शिक्षा होते ती चांगलं मारणाऱ्याला. एकाने चिठ्ठीत लिहिलं होतं, 'या विहिरीत माझी दहा वर्षं गेली.'

"विहीर का म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"वस्तादाची विहीर!" डॉक्टर म्हणाले. "आमचे जुने मुकादम होते, सगळे वस्ताद म्हणायचे. माणूस झकास. पण हा खड्डा खणला तेव्हा त्यांचं डोकं कुठे होतं देव जाणे."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "त्यावरून आठवलं. पहिल्या टीजवळ आपण दगड बसवतोय, मैदान घडवणाऱ्यांची पाच नावं. त्यात वस्तादांचंही आहे. पण आता आपणच चौदावा मोडून काढणार आणि तिकडे दगडावर त्यांचं नाव कोरणार, हे जरा हास्यास्पद दिसेल. मला वाटतं, ते नाव गाळावं."

कोणी हरकत घेतली नाही. बाई मात्र दाराकडे वळल्या. "मुकादम, तुम्ही होतात ना तेव्हा इथे? त्यांनी बंकर तिथे का घेतला असेल?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. बोलायचं असेल तर आत्ताच, हे त्याला कळत होतं.

"मी तेव्हा हाताखाली होतो, बाई," तो म्हणाला. "आखणीच्या खुंट्या वस्तादच मारायचे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि मुकादमाच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी थाप होती.

खुंट्या वस्तादच मारायचे, फक्त ती एक खेप सोडून. अठरा वर्षांपूर्वी वस्तादांच्या बायकोचं ऑपरेशन निघालं आणि ते आठ दिवस रजेवर गेले. जाताना सांगून गेले, "चौदाव्याचा नवा बंकर उजव्या अंगाला घे. जरा मोठाच घे." हाताखालच्या माणसाला वाटलं, यात काय अवघड आहे? माळ्यांचं काम पहाटे अठराव्या होलपासून सुरू होतं आणि उलटं पहिल्याकडे येतं, खेळणाऱ्यांच्या पायात यायला नको म्हणून. त्यामुळे माळी मैदान नेहमी शेवटाकडून बघतो. त्याने तर गोल्फची काठी कधी हातात धरली नव्हती. तो सवयीने ग्रीनवर, म्हणजे झेंड्यापाशी, जाऊन उभा राहिला आणि मागे वळून उंचवट्याकडे बघत खुंट्या मारून घेतल्या. तिथून बंकर असा सुरेख दिसत होता की त्याने दुसऱ्या माळ्याला बोलावून दाखवला. टीवर जाऊन बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. आठ दिवसांत खणून झालं, वाळू पडली, कडेला हिरवळ लावून झाली.

वस्ताद परत आले ते आधी टीवर गेले. बराच वेळ उभे राहिले. मग ग्रीनपर्यंत चालत गेले आणि तिथून वळून पाहिलं.

"तू इथून बघितलंस," ते म्हणाले. एवढंच.

तेव्हा याची नोकरी कच्ची होती, घरी पोर तान्हं होतं. तेव्हाचे सेक्रेटरी लालबुंद होऊन आले तर वस्ताद त्यांना म्हणाले, "मी जाताना सांगितलं तसंच केलंय पोरानं. काय बोलायचं ते मला बोला." त्यांनी ते पोटभर ऐकून घेतलं. हा शेजारी फावडं धरून उभा होता आणि गप्प होता. चार महिन्यांनी तो पक्का झाला. त्यानंतर दोघांत त्या खड्ड्याचा विषय एकदाही निघाला नाही. मुकादम मात्र रोज सकाळी तिथली वाळू सारखी करायचा, आणि खेळणाऱ्यांनी वस्तादांच्या नावाने काढलेले उद्गार कानावर पडले की पाठमोरा व्हायचा.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला तर बायको म्हणाली, "अहो, दगडाचं मी वस्तादांच्या घरी काकूंच्या कानावर घातलंय बरं का. काय खुश झाल्या! बहिणीला घेऊन बघायला येणार म्हणाल्या."

"कोणी सांगितलं होतं तुला एवढी घाई करायला?"

"आता त्यात लपवायचं काय? चांगलीच गोष्ट आहे ना!"

त्याने मान खाली घालून जेवण उरकलं. एरवी बायकोवर ओरडला असता, पण ओरडायलासुद्धा तोंड लागतं.

रविवारी सेक्रेटरींचा निरोप आला: बाईंना सोमवारी सकाळी चौदावा बघायचाय, आणि वस्तादांनाही बोलावलंय, जुन्या माणसाकडून जमिनीचं ऐकून घ्यायचंय. वस्तादांना घेऊन ये.

सोमवारी तो गेला तेव्हा वस्ताद तयार होऊन खुर्चीत बसले होते. वय शहात्तर, गुडघे गेलेले, पण दाढी गुळगुळीत आणि शर्टाला कडक इस्त्री. काकूंनी चहा पुढे केला.

"कुठे बसवणार रे दगड?"

"पहिल्या टीजवळ, काकू."

"म्हणजे फाटकातून दिसेल. बरं झालं. मला आत चालवत नाही."

चहा गरम होता. मुकादमाने तो तसाच घशाखाली ओतला. नाव गाळल्याचं वाटेत सांगू, असं त्याने ठरवलं. वाटेत गाडीवर मागे बसलेले वस्ताद त्याच्या कानाशी बोलत राहिले: सहाव्याच्या ओढ्याला गाळ येतो का, नवव्यावरची मुळं छाटली का, नवीन माळी कात्रीला तेल घालतात की नाही. तो "हो, हो" करत राहिला. फाटक आलं.

चौदाव्यावर बाई, सेक्रेटरी आणि डॉक्टर आधीच पोचले होते. डॉक्टरांना काम नव्हतं, पण आपली विहीर बुजताना बघायचं सुख त्यांना सोडवत नव्हतं. बाईंनी वस्तादांना नमस्कार केला आणि टीवरून ग्रीनपर्यंत सगळ्यांना चालत नेलं. ग्रीनवर त्या वळल्या आणि थबकल्या.

"अरे! इथून किती छान दिसतो हा," त्या म्हणाल्या. "वळण बघा, उंचवट्याची सावली बघा. ज्याने आखला तो इथे उभा होता. तिकडे टीवर नाही, इथे."

"बरोबर," वस्ताद म्हणाले. "मी इथंच उभा होतो."

"पण वस्ताद," डॉक्टर हसत म्हणाले, "आम्ही तिकडून मारतो हो! त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता का?"

वस्तादही हसले. म्हातारी माणसं हसतात तसं, दुसऱ्याची सोय म्हणून.

"नाही, मला खात्री करायची होती," डॉक्टर पुढे म्हणाले. "मला वाटायचं कोणा शिकाऊ माणसाची चूक असेल. पण शनिवारी तुमच्या या मुकादमांनीच सांगितलं, खुंट्या तुम्हीच मारायचात."

वस्तादांनी मुकादमाकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्याने उसनी नेलेली वस्तू मोडून परत आणावी आणि आपण ती काही न बोलता ठेवून घ्यावी, तसं त्यांनी एकदाच पाहिलं.

"हो तर," ते म्हणाले. "खुंट्या मीच मारायचो."

मुकादमाच्या अंगातून शरमेचा असा लोट गेला की कान तापले आणि पाय गार पडले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. आवाज फाटला. "बाई, मी मारल्या. वस्ताद रजेवर होते. मीच इथे उभा होतो. टीवर गेलोच नाही मी. त्यांनी अठरा वर्षं माझी चूक अंगावर घेतली. शनिवारी मी सगळ्यांसमोर..."

मग वस्तादांनी पुढे होऊन त्याच्या दंडावर हात ठेवला आणि ते सेक्रेटरींकडे वळले.

"याचं असंच आहे, साहेब. माझ्यासाठी हा काय वाटेल ते अंगावर घेईल. जाताना मीच चुन्याच्या फक्कीने रेघ मारून गेलो होतो. याने नुसतं खणलं. याच्याकडे काय लक्ष देता?"

"वस्ताद, काय बोलताय तुम्ही! आठवा की..."

"अरे, बास. माझी चूक मला पेलते."

डॉक्टरांचे डोळे चक्क पाणावले. "वा, मुकादम! याला म्हणतात माया. हल्ली कोण कोणासाठी उभं राहतं हो?" त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सेक्रेटरींनीही मान डोलावली. खरं बोलायला अठरा वर्षं लागली आणि बोलला तर त्याचं कौतुकच झालं. बाईंनी मात्र मुकादमाकडे पाहिलं, मग वस्तादांकडे पाहिलं, आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहू लागल्या.

बंकर किती खोल आहे ते मोजायचं म्हणून मुकादम आणि वस्तादांना त्यात उतरावं लागलं. मुकादमाने टेप खाली धरला, वस्ताद काठी टेकत टेकत मधे जाऊन उभे राहिले. मोजमाप झालं आणि बाकीचे बोलत बोलत पंधराव्याकडे निघाले.

"वस्ताद," मुकादम म्हणाला, "शनिवारी माझी जीभ..."

"पाय काढ तिथून," वस्ताद म्हणाले. "मला ओढायचंय."

कडेला दाताळं पडलं होतं. गोल्फचा नियम आहे, वाळूत उतरलेल्याने आपली पावलं पुसून बाहेर यायचं. वस्तादांनी काठी त्याच्या हातात दिली, दाताळं घेतलं आणि वाकून, मागे मागे सरत वाळू ओढायला लागले. आधी स्वतःची पावलं, मग त्याची.

"द्या इकडे, मी करतो."

वस्तादांनी दाताळं दिलं नाही.

"तुम्ही का असं केलंत? या खड्ड्यापायी दगडावरचं तुमचं नाव गाळलंय, आणि काकू दगड बघायला येणार आहेत. त्यांना काय सांगायचं?"

"तिला मी सांगेन." वस्ताद थांबले, धाप लागली होती. "तुला अजून सहा वर्षं इथं काढायची आहेत. नव्या आखणीत माणसं तुझ्या हाताखाली राबणार. त्यांना तुझं ऐकावं लागेल. माझं आता कोण ऐकायचंय?"

एवढ्यात वरून हाक आली. सेक्रेटरी लगबगीने परत आले होते, हातात वही.

"मुकादम, अहो, मला आत्ताच सुचलं आणि डॉक्टरही हो म्हणाले. दगडावर पाच ओळी आखून झाल्यात, एक रिकामी पडणार होती. वीस वर्षं काढलीत तुम्ही इथे, आणि आज जे दाखवलंत त्यानंतर दुसरं नाव शोधायचं कशाला? दगडवाल्याला आजच द्यायचंय. पूर्ण नाव सांगा तुमचं."

मुकादम वस्तादांची काठी धरून वाळूत उभा होता. नाही म्हणावं, असं त्याला फार वाटलं. एकदा खरं बोलून झालं होतं आणि ते कोणी घेतलं नव्हतं. दुसऱ्यांदा बोलायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"लाजतोय तो," वस्ताद म्हणाले. "मी सांगतो, लिहा."

दाताळ्यावर रेलून त्यांनी मुकादमाचं नाव सांगितलं. मग त्याच्या वडिलांचं. सेक्रेटरींचं लिहून होईपर्यंत थांबले, मग आडनाव सांगितलं. ते सेक्रेटरींना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं.