दोरीवरची घराणी

शिशुवर्गाच्या बाईंनी वाचन शिकवायची जी युक्ती काढली होती ती चांगली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे झालं त्यावरून लोक युक्तीलाच बोल लावतात, आणि युक्ती बिचारी कुणाला उलटून बोलू शकत नाही.

युक्ती अशी, की माणसांसारखी शब्दांनाही आडनावं असतात. नळ, फळ, मळ, बळ, गळ, कळ हे सगळे एका घरातले, आडनाव ‘अळ’. घर, कर, सर, भर हे ‘अर’. पाणी, राणी, गाणी, नाणी हे ‘आणी’. एकदा घराण्याची ओळख झाली की मुलानं फक्त पहिलं अक्षर वाचायचं, पुढचं आडनाव आपसूक येतं. बाईंनी जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून अठ्ठेचाळीस कार्डं केली, काळ्या रंगानं ठसठशीत अक्षरं काढली आणि वर्गात आठ दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी ती टांगली. एका दोरीवर एक घराणं, सहा माणसांचं. बाई लांब पट्टी एकेका कार्डावर ठेवायच्या आणि मुलं टाळ्या वाजवत म्हणायची, “नळ, फळ, मळ, बळ, गळ, कळ!” तीन महिन्यांत पाच-साडेपाच वर्षांची ती बावीस पोरं अठ्ठेचाळीस शब्द न अडखळता धडाधड म्हणू लागली. पालकांनी तोंडात बोटं घातली. एका वडिलांनी तर आपला मुलगा पुढेमागे वकील होणार असं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

वर्गाच्या पलीकडे प्लायवूडची भिंत होती आणि भिंतीपलीकडे मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकांचं ऑफिस. रोज सकाळी हे गाणं ऐकून ऐकून मोठ्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी संस्थेला पत्र धाडलं: येऊन बघा. अध्यक्षसाहेब दोन सभासदांना घेऊन येणार, आवडलं तर बाईंना कायम करणार, असं उत्तर आलं. बाई चार वर्षं तात्पुरत्या होत्या. दर उन्हाळ्यात त्यांना नारळ मिळायचा आणि शाळा उघडली की परत बोलावणं यायचं. कायम झालेल्या शिक्षकाला शाळेमागच्या दोन खोल्या राहायला मिळत, आणि त्या वर्षभर रिकाम्या पडल्या होत्या.

बाईंना नोकरीपेक्षा त्या खोल्यांची आस जास्त होती. त्या धाकट्या भावाकडे राहत. त्यांच्या वडिलांची खाट भावाच्या घरात स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामधल्या बोळात होती. कुणालाही जायचं-यायचं झालं की अंग तिरकं करून, खाटेला मांड्या घासत जावं लागे, आणि दर वेळी म्हातारा पाय पोटाशी घेऊन “जा, जा” म्हणे. भावजय वाईट नव्हती, पण ती पोटुशी होती.

“ताई, पुढच्या महिन्यात माझी आई येतेय,” ती एकदा भांडी लावता लावता म्हणाली. “मी काही म्हणत नाहीये हं. नुसतं सांगतेय.”

“कळलं गं मला,” बाई म्हणाल्या. कळायला काय, त्या बोळातून त्याही रोज तिरक्याच जात होत्या.

आता वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. तिला सगळे गोगलगाय म्हणत. नाव पोरांनीच पाडलं होतं आणि हळूहळू बाईंच्याही तोंडात बसलं होतं. सगळा वर्ग “फळ” म्हणून पुढे गेला की ही मागून “फ... फळ” म्हणणार. टाळी चुकणार, ताल मोडणार. बाईंनी तिला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. तिची आई बसमध्ये कंडक्टर होती. पालकसभेत बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “जरा मागे आहे हो तुमची लेक.” आईनं खाकी बाहीनं कपाळ पुसलं आणि सुट्टीच्या दिवशी घेऊन बसते म्हणाली.

पाहुणे यायला बारा दिवस उरले होते. झाडलोट करणाऱ्या मावशींना वाटलं, साहेब येणार, कार्डांवर धूळ नको. त्यांनी सगळी कार्डं उतरवली, ओल्या फडक्यानं पुसली आणि परत टांगली. मावशींना अक्षरओळख नव्हती. कुठल्या दोरीवरची कुठल्या दोरीवर तेवढं त्यांनी ध्यानात ठेवलं होतं, पण कोण आधी आणि कोण मागून हे काही ठेवलं नव्हतं.

सोमवारी बाईंनी पट्टी ‘अळ’च्या दोरीवरच्या पहिल्या कार्डावर ठेवली. कार्डावर होतं ‘कळ’. वर्ग ओरडला, “नळ!” बाईंना वाटलं, झोपेत आहेत कार्टी. पट्टी पुढे सरकली. कार्डावर ‘बळ’, वर्ग म्हणाला “फळ!” बाईंनी अख्खी दोरी संपवली, मग दुसरी, मग तिसरी. पोरं जुन्याच क्रमानं, जोरजोरात टाळ्या पिटत म्हणत राहिली. निम्म्यांची नजर कार्डाकडे नव्हतीच. दोघं खिडकीबाहेर बघत होती आणि एक जण पुढच्याची कॉलर चावत होता. तीन महिने बाईंनी गाणं शिकवलं होतं आणि त्याला वाचन समजून त्या स्वतःवर खूश होत्या.

शेवटच्या रांगेतून मात्र उशिरानं, दबक्या आवाजात येत होतं, “क... कळ. ब... बळ.”

मधल्या सुट्टीत बाईंनी गोगलगायीला थांबवून घेतलं. पाटीवर एक असा शब्द लिहिला जो कुठल्याच दोरीवर नव्हता. मुलीनं त्याच्यावरून बोट फिरवलं. “ख... खळ,” ती म्हणाली. बाईंनी दुसरा लिहिला, तिसरा लिहिला, दोन घराण्यांची सरमिसळ करून बघितली. मुलगी कासवाच्या चालीनं, पण सगळे वाचत गेली.

“अगं, तुला वाचता येतं की!”

“हळूहळू येतं,” मुलीनं गुन्हा कबूल केल्यासारखं सांगितलं. “बाकीचे बघत नाहीत ना, बाई. मी बघते, म्हणून उशीर होतो.”

बाईंना भयंकर लाज वाटली. पोरीच्या आईचं ते कपाळ पुसणं त्यांना आठवलं आणि डबा तसाच बंद करून त्यांनी पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कंबर कसली. रोज कार्डं पिसायची, टाळ्या बंद, एकेकाला उभं करून पहिल्या अक्षरावर बोट. वर्गाचा पार बोऱ्या वाजला. ज्याला वकील व्हायचं होतं तो ‘सर’ बघून रडला. एकीनं घरी जाऊन सांगितलं की बाईंना राग आलाय आणि शब्द बदललेत. तिसऱ्या दिवशी प्लायवूडच्या भिंतीवर टकटक झाली आणि पाठोपाठ मोठ्या बाई स्वतःच दारात उभ्या राहिल्या.

“काय गं, गाणं का बंद पडलं?”

मुलं खेळायला सुटल्यावर बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. “मोठ्या बाई, मुलांना वाचता येत नाही.”

“कुणाला?”

“कुणालाच. एक गोगलगाय सोडून.”

मोठ्या बाई मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसल्या. त्यांचे गुडघे छातीला लागले. त्या चिडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं, पण त्या शांतपणे बोलल्या.

“हे बघ, शिशुवर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हा विषयही संस्थेच्या कागदांवर आहे. मी तुला सांगितलं नव्हतं, उगाच धास्ती नको म्हणून. नऊ दिवसांत तू यांना वाचायला शिकवणार आहेस?”

“नऊ दिवसांत कसं होईल?”

“मग कार्डं होती तशी लाव. एक दिवस गाऊ देत पोरांना. तू कायम हो, आणि मग पुढचं वर्षभर बसून शिकव खरंखुरं. तेव्हा कोण अडवतंय तुला? आत्ता खरं बोललीस तर तू जाशील, वर्ग जाईल, आणि या पोरांना शिकवायला उरेल कोण?”

बोलणं पटण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत होती. मोठ्या बाई खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. बाईंनी दोन दिवस डोकं खाजवलं, त्यातून निसटायला कुठे फट सापडेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोळातल्या खाटेवरून वडिलांनी विचारलं, “त्या खोल्यांना खिडकी आहे का गं?”

“आहे. दोन आहेत.”

“मग मला खिडकीशी टाक,” ते म्हणाले. तेवढ्यात भावजय बादली घेऊन आली आणि त्यांनी पाय पोटाशी घेतले.

तिसऱ्या दिवशी बाईंनी कार्डं जुन्या क्रमानं टांगली. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. पोरांचे चेहरे खुलले. भिंतीपलीकडून मोठ्या बाईंचा आवाज आला, “शाब्बास!”

पाहुण्यांच्या दिवशी खुर्च्या मुलांच्या समोर, दोऱ्यांच्या पलीकडे, फळ्याला पाठ करून मांडल्या होत्या. पाहुण्यांना मुलांचे चेहरे दिसले पाहिजेत आणि फोटोत सगळे एकदम आले पाहिजेत, असा शाळेचा नियमच होता. त्यामुळे अध्यक्षसाहेबांना दोऱ्यांवरच्या कार्डांच्या पाठी दिसत होत्या, कुठे साबणाच्या तर कुठे बुटाच्या खोक्याचं चित्र असलेल्या. अक्षरं दिसत होती फक्त मुलांना, आणि दोरीच्या टोकाला पट्टी घेऊन उभ्या असलेल्या बाईंना.

चार दोऱ्या झकास पार पडल्या. एक सभासद तर पायानं ताल धरू लागले. पाचवी दोरी ‘अळ’ची होती. पट्टी दुसऱ्या कार्डावर टेकली आणि बाईंचा हात थबकला. कार्डावर ‘मळ’ होतं. सकाळी मावशींनी हौसेनं पुन्हा एकदा फडकं मारलं असणार, आणि दोन कार्डांची अदलाबदल झाली असणार.

“फळ!” वर्ग गरजला.

“म... मळ,” मागून आलं.

त्या नेमक्या क्षणी टाळी थांबलेली होती, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. दोन-चार पोरं खिदळली. अध्यक्षसाहेबांना मुलं खरोखर आवडत होती. ते पुढे वाकून हसत म्हणाले, “ती मागची काय म्हणाली? उभी राहा बघू, बाळ. पुन्हा वाच.”

गोगलगाय उभी राहिली. तिनं कार्डाकडे बघितलं, हवेत बोट फिरवलं आणि या वेळी न अडखळता म्हणाली, “मळ.”

“फळ, फळ!” सगळा वर्ग तिला सांगू लागला.

“आता काय करायचं?” अध्यक्षसाहेबांनी मजेत बाईंकडे मान वळवली. “बाई, तुम्हीच सांगा. मळ की फळ?”

मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्या हात एकमेकांत घट्ट धरून बघत राहिल्या. ‘मळ’ म्हटलं की एकवीस मुलं खोटी पडणार होती. मग साहेब उठून कार्डापुढे येणार, एखादं दुसरं कार्ड उचलणार, एखाद्या पोराला विचारणार. बाईंना हे सगळं पट्टी कार्डावरून उचलायच्या आत दिसलं.

“फळ,” बाई म्हणाल्या. आणि पुढे, अगदी गोड आवाजात, “नीट बघ बाळा. घाई नको.”

मुलीनं नीट बघितलं. तिच्याइतकं नीट त्या खोलीत दुसरं कुणी बघत नव्हतं. मग तिनं कार्डावरची नजर काढून बाईंकडे लावली.

“फळ,” ती म्हणाली.

“वा! चूक सुधारता आली पाहिजे,” असं म्हणून अध्यक्षसाहेबांनी सगळ्यांआधी टाळी वाजवली.

आठवड्याभरात पत्र आलं. बाई कायम झाल्या. भावानं आणि त्याच्या मित्रानं खाट उचलून शाळेमागच्या खोलीत खिडकीशी टाकली आणि म्हातारा पहिल्यांदा पाय ताणून झोपला. पत्रासोबत आणखी एक कागद होता: संस्थेच्या बाकीच्या शाळांतल्या शिक्षिकांना ही पद्धत याच बाईंनी शिकवावी, कार्डं छापून घेण्यात येतील, क्रम हाच ठेवावा. बाईंनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. आधी पोरांचं बघू, मग त्याचं, असं त्यांनी ठरवलं. त्यातही पहिली गोगलगाय.

सोमवारी मुलं जमायच्या आधीच ती आली, कारण आईची पहिली बस लवकर सुटायची. बाईंनी तिला पहिल्या रांगेत आणून आपल्याजवळ बसवलं.

“त्या दिवशी तू बरोबर होतीस,” बाई म्हणाल्या. “मी चुकीचं सांगितलं. कार्डावर ‘मळ’च होतं. कळलं का?”

मुलीनं मान डोलावली. मोठी माणसं काही समजावून सांगू लागली की पोरं डोलावतात तशी.

“आजपासून टाळ्या नाहीत, काही नाही. तुझं तू वाचायचं. हवा तेवढा वेळ घे.” बाईंनी गठ्ठ्यातून एक कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

मुलीनं कार्डाकडे बघितलंच नाही. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, ओठ हलतायत का ते शोधत. बाईंनी कार्ड तिच्या डोळ्यांसमोर आणलं तेव्हा तिनं मान कलती करून त्याच्या कडेवरून पुन्हा बाईंकडे पाहिलं.

“आज काय म्हणायचंय, बाई?” तिनं विचारलं.