पिवळ्या फडक्यातली कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, वर्षाचे तीनशे छप्पन दिवस मी पिवळ्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर झोपत असे आणि उरलेले नऊ दिवस काम करत असे. एवढी सुट्टी थायलंडातल्या आमच्या फुकेतमध्ये सरकारी कचेरीतही मिळत नाही.

लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले. त्याच्या हातोडीचे वण अजून माझ्या तळाशी आहेत. सियू लुआनने मला घरी आणले आणि बजावले, "तू देवांची. मांस, मासळी, अंडं, कांदा, लसूण, कशाचंही तोंड बघायचं नाही." नवव्या चांद्रमासात नऊ देवांचा उत्सव लागला, की ती पांढरे कपडे घालून मला देवळाच्या भटारखान्यात नेई. नूडल्स आणि तळलेला टोफू खाऊन लोक तिची वाखाणणी करत. तेवढ्या नऊ दिवसांसाठी तिची धाकटी बहीण बी गेक दरवर्षी मलेशियातल्या पेनांगहून यायची. दोन बसगाड्या बदलायची, सरहद्दीवर रांग लावायची आणि आल्या आल्या भांडायची.

चाळीस वर्षे हे असेच चालले. मग सियू लुआनचे यकृत बिघडले आणि ती दवाखान्यात गेली.

एका दुपारी तिचा मुलगा प्रसित दवाखान्यातून उपाशी घरी आला. घरातली सगळी भांडी खरकटी पडली होती. त्याने मला खाली काढले, दोन अंडी फोडली आणि ऑम्लेट केले. नंतर मला तीनदा घासले, पिवळ्या फडक्यात पूर्वीसारखे गुंडाळले आणि वर ठेवून दिले. वर्षानुवर्षांचे माझे सोवळे पाच मिनिटांत संपले. खरे सांगायचे तर ऑम्लेटही करपले होते.

आठवड्याने बी गेक उत्सवासाठी आली. नऊ दिवस याच कढईत देवांसाठी रांधायचे आणि बहीण बरी व्हावी म्हणून मागणे मागायचे, असा तिचा नवस होता.

प्रसित चाचरत म्हणाला, "मावशी, नवी कढई आणू का? हलकी असते."

"नवी काय भरवशाची? हिनं कधी अंड्याचं तोंड पाहिलं नाही. तू पाहिलंयस का दुसरी अशी?"

प्रसित गप्प बसला. मीही. मला तर तोंडच नाही, पण त्याला होते.

बी गेक सात दिवस राबली. माझ्यापुढे उभी राहून ती घामाने निथळायची आणि मलाच विनवायची, "ताईला घरी आण, बाई." मला ते ऐकवत नसे. आठव्या दिवशी सकाळी सियू लुआन गेली. ज्याच्या घरी सुतक, त्याने देवळात पाऊल टाकायचे नाही. बी गेकने चुलीवरून मला गरमच उचलले आणि घरी आणले. देवांना समुद्रावर निरोप द्यायला सारे गाव गेले, तेव्हा ती घरात बसून फटाके ऐकत होती. कपडे तिला बदलावे लागले नाहीत. उत्सवाचे पांढरे, सुतकाचेही पांढरे.

माती झाली. प्रसितने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. शेवटी तो म्हणाला, "मावशी, आई माझ्यामुळे गेली."

"यकृत बिघडलं होतं तिचं. ते काय तू बिघडवलंस?"

"मी या कढईत ऑम्लेट केलं होतं. तू यायच्या आधी. तुझा नवस फुकट गेला."

बी गेक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कढईला पाठ फिरवता येत नाही.

"ताईनं बघितलं असतं तर पळीनं बडवलं असतं तुला."

"हो."

"आणि मग दुसरं करून वाढलं असतं."

तिने चूल पेटवली, मला वर ठेवले आणि एक अंडे फोडले. "खा," ती म्हणाली. तो रडत रडत जेवला. ती जेवली नाही.

बी गेक परत निघाली तेव्हा प्रसित म्हणाला, "कढई ने ना. आईनं तुलाच द्यायला सांगितली होती."

"राहू दे. आता ती तुझी."

त्यानंतर ती आली नाही. गुडघे दुखतात म्हणून कळवले. दुखतही असतील.

मित्रांनो, चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. घासूनपुसून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवू नका. आणि लोखंडी कढई धुतली, की लगेच कोरडी करून तेलाचे बोट फिरवा. प्रसित विसरतो. माझ्या कडेला गंज धरला आहे.

आता मी रोज अंडी तळते. नवव्या चांद्रमासात मात्र तो मला हात लावत नाही. तेव्हा मी ओट्यावर पडून पांढऱ्या कपड्यांतली माणसे खिडकीतून देवळाकडे जाताना बघते. आता मला वर्षात नऊच दिवस सुट्टी असते.