मामांचे निवडक शिंपले

मामा समुद्रात दोर सोडून त्यांवर शिंपले वाढवत. तपासणीसाठी त्यांनी आणलेला नमुना पाहून प्रयोगशाळेतल्या भाचीच्या कपाळाला आठी पडली. सगळे एका मापाचे, घासूनपुसून लख्ख, जणू फोटोला बसवलेले.

"कुठल्या दोरावरचे?"

"काठाजवळच्या. तिथलेच छान भरतात. प्रयोगशाळेत काय गबाळे आणू?"

मामांच्या मनात पाप नव्हतं. माणूस हौशी, इतकंच. पण समुद्रात अधूनमधून विषारी सूक्ष्म शेवाळ वाढतं, शिंपले ते खातात आणि विष त्यांच्या मांसात साठतं. ना वास, ना चव. ते आधी पोचतं बाहेरच्या टोकाच्या दोरांवर, आणि तिथले शिंपले तीन वर्षांत कुणी तपासलेच नव्हते!

भाचीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच होडी काढली, टोकाच्या दोरावरचे चिखलाने माखलेले शिंपले ओरबाडून आणले, वाटून, गाळून यंत्राला लावले. विषाचा आकडा आला सुरक्षित मर्यादेच्या अडीचपट. दोनदा तपासला, हललाच नाही.

मग तिला आठवलं. आज दुपारी आईसकट सगळं घर मामांकडे जेवायला होतं. तिने फोन लावला.

"मामा, घरी कुठले शिंपले शिजवलेत?"

"टोकाचे. चांगले तुला दिले ना!"

"कुणी खाल्ले?"

"आत्ता पानं घेतोय."

"वाढू नका. सगळे फेकून द्या."

"अगं, तासभर उकळलेत. विषाचा बापही मेला असेल."

"हे विष उकळून जात नाही."

"तीस वर्षांचा धंदा आहे माझा. तुझा त्या यंत्रावर एवढा विश्वास?"

"यंत्रावर आहे आणि माझ्या हातावरही आहे. फेका, मामा."

 पलीकडे भांडं आदळलं आणि आईचा वैतागलेला आवाज आला, "आता जेवायचं काय?" ती कुरकुर भाचीला फार गोड लागली.

विक्री बंद झाली. मामा महिनाभर फुगून बसले. पाचव्या आठवड्यात स्वतःच बादली घेऊन दारात हजर. आत चिखल, शेवाळ आणि वेडेवाकडे शिंपले.

"मामा, हे काय ध्यान आणलंत?"

"टोकाचे आहेत. निवडून निवडून गबाळे आणलेत," मामा ऐटीत म्हणाले. "तू हो म्हणालीस तरच भांडं चढेल. तोवर घरात कुणाला हात लावू देत नाही."